पाठ्यपुस्तकातील कविता आणि कीर्तनाची रीत

आपला वारकरी संप्रदाय शब्दावर उभा आहे. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि तुकोबारायांची गाथा या तीन ग्रंथांना आपण प्रस्थानत्रयी मानतो. एकट्या ज्ञानेश्वरीच्याच ओव्या सुमारे नऊ हजार. ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नाही, अशा आपल्या वाडवडिलांना हरिपाठ आणि शे-दोनशे अभंग तोंडपाठ असत. आणि नुसते पाठच नव्हे, तर कोणत्या प्रसंगाला कोणता अभंग लागतो हेही त्यांना पक्के ठाऊक असे. साहित्याचा अभ्यास म्हणतात तो आपल्या घरात शाळेच्या कितीतरी आधी आलेला आहे.

असे असूनही आज आपल्याच घरातील नववी-दहावीचे मूल मराठीचे पुस्तक कसे वाचते, हे जरा पाहावे. कविता वाचण्याच्या आधी ते गाईड उघडते. कवितेचा भावार्थ तिथे तयार असतो, मध्यवर्ती कल्पना तयार असते, एवढेच काय, 'तुमचे मत लिहा' या प्रश्नाचे मतही तयार असते. मूल ते पाठ करते, पेपरात उतरवते आणि परीक्षा संपली की विसरून जाते. त्यातच नामदेव महाराजांचा अभंगही गेला, कुसुमाग्रजांची कविताही गेली. आणि आपण मोठी माणसे काय म्हणतो? "मराठीला काय करायचंय एवढं! गणित बघ, सायन्स बघ."

सज्जनहो, हे नुकसान मार्कांचे नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या मनात काय चालले आहे ते सांगायला शब्द हवे असतात. ते शब्द त्याला कवितेत आणि गोष्टीत मिळतात. तिथे मिळाले नाहीत तर ते मूल गप्प होते, आणि आपल्या घरातील पोथी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात राहते. म्हणून या मासी आम्ही हा विषय पाठ म्हणून घेतला आहे : माध्यमिक शाळेतील मुलाला साहित्याचा अभ्यास करायला आणि त्यात गोडी घ्यायला घरच्यांनी मदत कशी करावी? आमचे म्हणणे थोडक्यात असे, की यासाठी नवी विद्या शिकण्याचे कारण नाही. कीर्तनाची जी रीत आपण आयुष्यभर ऐकत आलो, तीच मुलाच्या पुस्तकाला लावावी. मात्र त्यात आपण बुवा व्हायचे नाही. बुवा मुलाला होऊ द्यायचे आणि आपण श्रोता व्हायचे.

पहिली गोष्ट : आधी पाठ, मग अर्थ

कीर्तनकार उभा राहिला की आधी अभंग म्हणतो. टाळकरी तो उचलतात, मृदंग लागतो, चार वेळा चाल होते; मग निरूपणाला आरंभ. ऐकण्याआधीच अर्थ सांगणारा बुवा आम्ही तरी पाहिला नाही. मुलाच्या कवितेचेही तसेच करावे. त्याला म्हणावे, "बाळा, तुझ्या पुस्तकातली ती कविता मला मोठ्यानं वाचून दाखव. आज चष्मा नको वाटतो." एकदा वाचली की म्हणावे, "पुन्हा एकदा, जरा सावकाश." दोनदा मोठ्याने वाचलेली कविता अर्धी समजलेली असते. कुठे थांबायचे, कुठे स्वर चढवायचा, हे ठरवतानाच अर्थाला हात लागतो.

कविता छंदात असेल तर अक्षरे मोजायला लावावीत. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. लहान अभंगाला आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. टाळीवर मोजले की पोरांना त्यात खेळासारखी मौज वाटते, आणि जे व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटत होते ते कानाला कळते.

इथे आणखी एक ध्यानात घ्यावे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ साली नाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ शब्द हाती असल्याशिवाय अर्थाला बळ नाही, हे त्या महापुरुषाने जाणले. आपल्या मुलाच्या हाती मूळ पुस्तक तर आहे; पण ते बाजूला ठेवून तो दुसऱ्याने केलेला सारांश वाचतो. तेव्हा नियम एवढाच घालावा, की गाईड पाहायचे तर शेवटी पाहा, आधी पुस्तक.

दुसरी गोष्ट : शब्दाची उकल

जुन्या कवितेत मूल अडते ते शब्दांपाशी. संतांची मराठी सातशे वर्षांची, मुलाची मराठी शाळेतली आणि मोबाईलमधली. या ठिकाणी घरातील म्हातारी माणसे शिक्षकांच्याही उपयोगी पडतील. उखळ, मुसळ, जाते, मोट, नाडा, इरले, खुराडे, दावण या वस्तू मुलाने पाहिलेल्या नसतात. आजीने त्या वापरलेल्या असतात. माउलींची आणि तुकोबांची भाषा अशाच शेतातल्या, गोठ्यातल्या आणि स्वयंपाकघरातल्या शब्दांनी भरलेली आहे. शब्दकोश अर्थ सांगतो. आजी सांगते, की दळताना हात कसा भरून येतो आणि मग ओवी आपोआप कशी तोंडी येते. कवितेच्या अभ्यासाला हे दुसरे ज्ञान अधिक लागते.

आपण लिहायला-वाचायला शिकलो नाही म्हणून नातवाला काय सांगणार, असे वाटणाऱ्या माउल्यांनी जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे स्मरण करावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. त्यांचा मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः कवी झाला, त्याने आणि घरच्या आप्ताने ती उतरून घेतली. १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली आणि पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही गेली. आईजवळ शब्द होता, मुलाजवळ लेखणी होती. दोघे एकत्र बसले म्हणून महाराष्ट्राला एक कवयित्री मिळाली. आपल्या घरात हे दोघे आजही आहेत. फक्त एकत्र बसत नाहीत.

तिसरी गोष्ट : दृष्टांत ज्याचा त्याने द्यावा

गीतेचे श्लोक सातशे. माउलींनी ते मराठीत उकलताना एकेका श्लोकाला दृष्टांतांची रांग लावली : दिवा, नदी, गाय-वासरू, सूर्य, समुद्र, बीज आणि झाड. ऐकणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली वस्तू त्याला दिली की न दिसणारे तत्त्व त्याला दिसू लागते. कवितेचा अर्थ मुलाला कधी लागला म्हणावे? ज्या दिवशी तो आपल्या जगण्यातला एक दृष्टांत तिला जोडतो त्या दिवशी. गाईडचा दोष हाच, की तिथला दृष्टांत दुसऱ्याचा असतो.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली निघालेल्या नववीच्या 'कुमारभारती'त संतवाणी म्हणून नामदेव महाराजांचा आणि जनाबाईंचा अभंग दिलेला आहे. नामदेव महाराजांच्या त्या अभंगात संतांच्या समबुद्धीला झाडाचा दृष्टांत आहे. यावर ठरलेले उत्तर असे : 'संत हे वृक्षाप्रमाणे समदृष्टीचे असतात.' उत्तर खरे आहे. पण मुलाचे त्यात काय आहे?

आता त्याला विचारावे, "हे वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे कोणतं झाड आलं रे?" समजा, तो म्हणाला, "पालखीच्या रस्त्यावरचा वड. रस्ता रुंद केला तेव्हा तोडला तो." पालखीमार्गाच्या रुंदीकरणाचे काम झाले तेव्हा वाटेवरची जुनी झाडे गेली, त्यांच्या सावलीत विसावलेल्या वारकऱ्यांना ते सांगायला नको. पुढे तो म्हणेल, "पण आबा, झाडाला राग येत नाही हे ठीक आहे. तोडणाऱ्याला काहीच वाटू नये का?"

अशा वेळी आपल्या तोंडून पटकन निघते, "संतांपुढे शहाणपणा करू नकोस." कृपा करून हे वाक्य बोलू नये. मूल कवितेच्या आत शिरले ते याच दारातून. त्याने प्रश्न केला याचा अर्थ त्याने अभंग मनावर घेतला. ज्याने मनावर घेतला नाही तो कशाला विचारील?

चौथी गोष्ट : प्रमाण आणि ध्रुपद

मात्र मुलाने काहीही म्हणावे आणि आपण मान डोलवावी, असेही आमचे म्हणणे नाही. कीर्तनात बुवा कितीही लांब गेले, कुरुक्षेत्रावर गेले, द्वारकेला गेले, तरी ध्रुपदावर परत यावेच लागते. बुवा विसरले तर टाळकरी ध्रुपद धरून त्यांना परत आणतात. आणि सिद्धान्त मांडला की त्याला संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते. पदरचे बोलून चालत नाही.

तेव्हा मुलाला हळूच विचारावे, "तुझा प्रश्न चांगला आहे. आता अभंगाकडे परत जाऊ. हा अभंग कुणाच्या मनाविषयी सांगतो आहे? तोडणाऱ्याच्या की झाडाच्या?" मूल पुन्हा वाचील आणि त्याला दिसेल, की अभंग साधूच्या अंतःकरणाची स्थिती सांगतो आहे. तोडणाऱ्याला मोकळीक दिली, असे त्यात कुठेही नाही. मग ते आपणहून म्हणेल, की सोसणाऱ्याने क्षोभ धरू नये ही एक गोष्ट आणि तोडणाऱ्याने विचार करावा ही दुसरी. आता हे मत त्याचे झाले, आणि त्याला अभंगाचे प्रमाणही मिळाले.

परीक्षेलाही हेच लागते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' आणि 'रसग्रहण' असे प्रश्न आलेले आहेत. रसग्रहणाचे नाव ऐकून मुले घाबरतात. त्यांना सांगावे, की तू हे मंडपात बसून ऐकले आहेस. आशय म्हणजे अभंगाने काय सांगितले ते. काव्यसौंदर्य म्हणजे ते कोणत्या दृष्टांताने, कोणत्या अलंकाराने, कोणता रस उभा करून सांगितले ते. भाषेची वैशिष्ट्ये म्हणजे शब्द कोणते निवडले, छंद कोणता, यमक कुठे, बोली कुठली. चांगला बुवा एका चरणावर बोलताना ही तिन्ही कामे करतो. मुलाने आधी तोंडाने पाच मिनिटे सांगावे आणि मग लगेच दहा ओळी लिहाव्यात. बोललेले उतरवायला सोपे जाते. ओळींमध्ये कवितेतील एक-दोन शब्द प्रमाण म्हणून आले आणि एक उदाहरण स्वतःचे आले, की ते उत्तर पाठांतराच्या उत्तरांत वेगळे उठून दिसते.

पाचवी गोष्ट : सगळ्या कवितेला अभंग करू नये

हा इशारा आम्हां वारकऱ्यांना विशेष. कोणतीही कविता दिसली की तिच्यातून नामस्मरण काढायचे, अशी आपल्याला सवय असते. मुलाच्या पुस्तकात प्रेमाची कविता असते, शहरातल्या एकाकीपणाची असते, दुष्काळाची असते, जातीच्या अपमानाची असते. त्या त्या कवितेला तिचे म्हणणे म्हणू द्यावे. "शेवटी काय, सगळं देवाच्या हाती" असे म्हणून तिचे तोंड बंद करू नये. मुलाला ते लगेच कळते आणि पुढच्या वेळी ते पुस्तक घेऊन आपल्याजवळ येत नाही.

नवी कविता आपल्याला परकी वाटते खरी. पण बा. सी. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) यंत्रयुगातील माणसाची तडफड सांगताना अभंगाचा आणि ओवीचाच घाट हाती घेतला. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ सालचा. म्हणजे आपल्या घरातला छंद नव्या दुःखाला उपयोगी पडला. हे मुलाला दाखवले तर जुनी कविता आणि नवी कविता यांमधली भिंत त्याच्यापुरती तरी पडते.

गोष्टी-कादंबऱ्यांविषयीही आपल्या मनात किंतु असतो. "कादंबऱ्या वाचून पोरं बिघडतात," असे अजून कुणी कुणी म्हणते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. एकेका रात्री एकेक आठवण सांगायची, अशी तिची रचना आहे. कथेला बसावे तशीच. तेच गुरुजी १९४७ साली पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. गोष्टीने कोमल झालेले मन केवळ रडत बसत नाही, न्यायासाठी उभेही राहते. तेव्हा अभ्यासाच्या पुस्तकाशिवाय एक पुस्तक मुलाच्या हाती असावे, आणि ते मुलाने निवडलेले असावे. आपण फक्त अधूनमधून विचारावे, "कुठपर्यंत आली तुझी गोष्ट? त्या पोराचं पुढं काय झालं?" मूल इंग्रजी शाळेत असेल आणि इंग्रजी गोष्ट वाचत असेल, तर तीच गोष्ट आजीला मराठीत सांगायला लावावी. एका भाषेतला भाव दुसऱ्या भाषेत आणताना दोन्ही भाषा पक्क्या होतात. संस्कृत गीता मराठीत आणून माउलींनी हेच तर केले.

दार लावून बसलेले मूल

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. कित्येक घरांतून आई-बाप म्हणतात, "आम्ही विचारायला तयार आहोत हो, पण पोरगं बोलतच नाही. खोलीचं दार लावून बसतं." या वयात असे होते. अशा वेळी मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांची आठवण धरावी. ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने दार धडाधड वाजवले नाही. तिने त्यांना त्यांच्या थोरपणाची आठवण करून दिली आणि प्रेमाने विनवले. घरात जो मानाने मोठा, त्याला वयाने लहान असलेल्याने शिकवले आणि मोठ्याने ते ऐकले, ही आपली परंपरा आहे. परंपरेने मानलेले शके ११९७ हे जन्मवर्ष धरले, तर शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा माउली पंधरा वर्षांचे होते. दहावीतल्या मुलाचे हेच वय. त्या वयाच्या मुलाला काय कळते, असे निदान वारकऱ्याने तरी म्हणू नये.

आपण वारीत लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. तो नम्रपणा घरी आल्यावर कुठे जातो? मुलाचे मत ऐकताना मध्ये बोलायचे नाही, हसायचे नाही, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करायची नाही, आणि ते चुकले तरी आधी पूर्ण ऐकायचे. हे श्रवण आहे, आणि नवविध भक्तीत श्रवण पहिले सांगितले आहे.

घरी करण्याचा नेम

ज्यांना हा पाठ आचरणात आणायचा आहे त्यांनी एवढे करून पाहावे.

आठवड्यातून एक दिवस ठरवावा. एकादशी असेल त्या आठवड्यात एकादशीच घ्यावी. संध्याकाळचा हरिपाठ झाला की अर्धा तास मुलाच्या पुस्तकाला द्यावा. एकच कविता किंवा एकच पाठ घ्यावा. मुलाने मोठ्याने दोनदा वाचावे. घरातल्या प्रत्येकाने न कळलेला एक शब्द विचारावा. मोठ्यांनीही विचारावा, लाजू नये. मग मुलाने आपला एक दृष्टांत सांगावा. दुसऱ्या कुणी वेगळा दृष्टांत दिला तर भांडू नये, दोन्ही कवितेशी ताडून पाहावेत. शेवटी मुलाने दहा ओळी लिहाव्यात. त्या ओळींवर लाल शाईने खुणा करण्याचे काम शाळेचे आहे, ते आपण घेऊ नये. आपण फक्त विचारावे, "यातलं तुझं वाक्य कोणतं?"

आषाढी वारीचे दिवस येतात तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, घरातले कर्ते माणूस वाटेवर असते आणि मूल नव्या पुस्तकांना कव्हर घालत असते. मुक्कामावरून रात्री घरी फोन लावाल तेव्हा 'जेवलास का' एवढ्यावर ठेवू नका. "नव्या पुस्तकातली कोणती कविता आवडली? वाच बरं," असे म्हणा. शेजारी बसलेल्या चार वारकऱ्यांनाही ती ऐकू द्या. आपली कविता पालखीच्या तळावर ऐकली गेली, हे ते मूल कधी विसरणार नाही.

१९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती संतवाङ्मय नीट शिकून पुढे सांगणारे तयार व्हावेत म्हणून. सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि कीर्तनालाही उभे राहत. शाळा-कॉलेजची विद्या आणि मंडपातली विद्या यांचे वैर नाही, हे या परंपरेने दाखवून दिले आहे. सगळ्यांची मुले कीर्तनकार होणार नाहीत, आणि व्हावीत असा आग्रहही नाही. पण ज्याने पंधराव्या वर्षी एका कवितेला आपला स्वतःचा दृष्टांत दिला, तो मोठा झाल्यावर फडक्यातली पोथी आपल्या हाताने सोडील, एवढा भरवसा आम्हांस आहे.

रामकृष्णहरि.